मुंबईत लोडरचा टायर झिजून मरत नाही

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "ताई, लोडरला कुठला टायर घालू?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नुकतंच दुसरं किंवा तिसरं मशीन घेतलेलं असतं. तीन दुकानांचे दर त्याच्या हातात असतात आणि माझ्याकडून त्याला फक्त एका कंपनीचं नाव हवं असतं. मी विचारते, "मशीन चालणार कुठे?" तो म्हणतो, "साईटवर." इथे माझं डोकं फिरतं आणि मी पाऊण तास बोलते. तेच आता लिहून काढते, घसा तरी वाचेल.

आमचा धंदा मशीन भाड्याने देण्याचा. अण्णांनी एका जुन्या जेसीबीवर भांडुपला सुरू केला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यात शिरले आणि अण्णा हळूहळू हिशोबाच्या वह्यांपुरते उरले. आता बॅकहो आहेत (पुढे बकेट, मागे खोदायचा हात, लोक ज्याला जेसीबीच म्हणतात), पुढच्या मोठ्या बकेटने खडी-माती उचलणारे चाकांचे लोडर आहेत, राडारोडा उचलायला छोटी स्किड स्टिअर आहेत. पोकलेन ठेवत नाही. तिला टायर नसतात, एवढंच मला तिचं कौतुक. भांडुपला सिएटचा कारखाना कित्येक दशकांपासून आहे, त्यामुळे आमच्या भागात टायर हा विषय चहाबरोबर निघतो. तरी कारखान्यातला माणूस टायर कसा बनतो ते सांगेल. तो कसा संपतो ते बघायला साईटवरच उभं राहावं लागतं.

टायर संपण्याच्या वाटा तीन. झिजून जातो, तापून जातो, नाहीतर कापला जातो. खरेदी करणारा माणूस झिजेचा विचार करतो, कारण त्याच्या मोटारसायकलचा टायर झिजून जातो. मुंबईत माझ्या मशीनचे जे टायर भंगारात गेले, त्यातल्या बहुतेकांवर नक्षी, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या रबरातले ठोकळे आणि खाचा, शिल्लक होती. बाजू फाटलेली होती, किंवा मधोमध कापून आतल्या थरांचं नायलॉन दिसत होतं. ज्या टायरवर अर्धी नक्षी उरली असताना तो भंगारात जातो, त्याची अर्धी किंमत भंगारवाल्याला फुकट दिली म्हणायची. म्हणून माझा पहिला प्रश्न कंपनीचा नसतो, दराचाही नसतो. हा टायर तुमच्याकडे कशाने जाणार, ते सांगा. त्यावरून नक्षी ठरते, रबर ठरतं, रेडियल की साधा ते ठरतं. दर सगळ्यात शेवटी.

आता इथे कापण्याचं एवढं काय, तर दगड. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हा बहुतेक पट्टा काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला बेसॉल्ट. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जे उभे खांब दिसतात, ते त्याच काळचे. हा दगड कठीण आहे, आणि फुटला की गोल होत नाही, त्याला धार येते. नदीतला गोटा टायरखाली आला तर टायर वाकतो आणि पुढे जातो. सुरुंगाने नुकता फोडलेला काळा दगड टायरखाली आला की टायर कापतो. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली आणि तो दगड तिथेच भरावात पसरला. अशा कामावर चाकांचं मशीन पाठवताना छातीत धडधडतं. तुर्भ्याच्या बाजूला खाणींवर काम केलेला कुणीही हेच सांगेल.

आणि वर पाऊस. ओलं रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापलं जातं. विश्वास बसत नसेल तर पंक्चरवाल्याच्या टपरीवर उभे राहा. जाड रबर कापायचं असेल तेव्हा तो पातं पाण्यात बुडवून घेतो. कोरडं पातं रबरात अडकतं, ओलं सरकत जातं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तेच चालू असतं: दगड हे पातं आणि पाणी वरून येतंच आहे. शिवाय खड्ड्यात पाणी साचलं की त्याखालचा दगड ऑपरेटरला दिसत नाही. म्हणून जो टायर एप्रिलमध्ये "अजून एक सीझन काढेल" असं वाटतं, तो जुलैत फाटतो. अर्ध्यापेक्षा जास्त झिजलेला टायर मी पावसाळ्यात दगडाच्या साईटवर ठेवत नाही, तो काँक्रीटच्या जमिनीवर हलवते. नक्षीखालचं रबर जेवढं पातळ, तेवढा दगड आतल्या थरांच्या जवळ.

नक्षीची भाषा आधी समजून घ्या, दुकानदार तीच बोलतो. टायरच्या बाजूला एक अक्षर आणि आकडा असतो. ई म्हणजे माती वाहणाऱ्या डंपरसारख्या मशीनसाठी, एल लोडर आणि चाकांच्या डोझरसाठी, जी ग्रेडरसाठी, सी रोलरसाठी. एल-२ ची नक्षी मोकळी, चिखलात पकड घेणारी. एल-३ दगडासाठी, नेहमीच्या खोलीची. एल-४ ची खोली तिच्या दीडपट, एल-५ ची अडीचपट. पुढे एस असेल तर टायर गुळगुळीत, नक्षी नाही. ई आणि एल मधला फरक नुसता नावाचा नाही. एलचा भार ताशी १० किलोमीटरच्या हिशोबाने दिलेला असतो, ईचा ५० च्या. म्हणजे लोडरचा टायर जे ओझं पेलतो ते हळू चालतो म्हणून पेलतो. लोडरला रस्त्याने पळवत दुसऱ्या साईटवर नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग सगळ्यांनी एल-५ च घ्यावा? नाही. तिथे तापण्याचं प्रकरण येतं. टायर गोल फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. प्रत्येक दबण्यात रबर आतून तापतं. रबर जेवढं जाड, तेवढी ती उष्णता बाहेर पडायला वेळ. एल-५ च्या टायरवर लोडर दिवसभर लांब फेऱ्या मारू लागला की आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो. रबराच्या मिश्रणाचंही तसंच. काप सोसणारं मिश्रण तापायला पुढे, उष्णता सोसणारं कापायला. दोन्ही एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. दुकानदार मिळतात म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

तापण्याचं मोजमाप आहे. टन-किलोमीटर-प्रतितास म्हणतात, कागदावर टीकेपीएच. आमच्यासारख्या छोट्या लोकांना वाटतं ही मोठ्या खाणींची भानगड, पण हिशोब चौथीतला आहे. समजा लोडरच्या पुढच्या एका टायरवर रिकामं असताना ४ टन येतात आणि बकेट भरल्यावर ८. सरासरी ६. ढिगापासून हॉपरपर्यंत, म्हणजे खडी ओतायच्या पेटीपर्यंत, जाऊन परत यायला ६०० मीटर, तासाला अशा १० फेऱ्या. म्हणजे ताशी सरासरी ६ किलोमीटर. सरासरी वजनाला सरासरी वेगाने गुणा: सहा सक छत्तीस. कंपनीच्या तक्त्यात त्या टायरचा आकडा ३६ पेक्षा बऱ्यापैकी वर असला पाहिजे. तो आकडा साधारण ३८ अंश तापमान धरून दिलेला असतो, त्यापेक्षा ऊन जास्त असेल तर आणखी सूट ठेवायची. आकडा पुरत नसेल तर टायर बदला, फेरी छोटी करा किंवा वेग कमी करा. चौथा उपाय नाही.

रेडियल की साधा, यावर दर दिवाळीला अण्णांशी वाद होतो. २३.५-२५ लिहिलं असेल तर साधा, म्हणजे थर तिरपे. मधल्या रेघेच्या जागी आर असेल तर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. रेडियल कमी तापतो, जमिनीला सपाट टेकतो, पकड चांगली, त्यामुळे झिजतोही हळू. पण महाग. अण्णांचं म्हणणं, "बाजू फाटली की रेडियल असो नाहीतर आणखी काही, गेला तो गेला. मग महागातला का घालवायचा?" अरुंद जागेत, भिंतीला घासत चालणाऱ्या मशीनसाठी त्यांचं खरं आहे. साध्या टायरची बाजू जाड आणि कडक असते. पण लांब फेऱ्यांच्या कामावर मी त्यांचं ऐकत नाही. साध्या टायरवर पीआरचा, म्हणजे प्लाय रेटिंगचा, आकडा असतो, १६, २०, २४ असा. तो ताकदीचा दर्जा आहे. सुती धाग्यांच्या जमान्यात तेवढे थर खरोखर असायचे, आता नायलॉनचे त्यापेक्षा कमी असतात. टायर कापून थर मोजणारे आणि "फसवलं" म्हणून दुकानात जाणारे महाभाग मी पाहिलेत.

आता साईटनुसार बोलू, कारण खरा फरक तिथे आहे.

आरएमसी प्लांटवरचा, म्हणजे तयार काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवरचा, लोडर दिवसभर काँक्रीटच्या फरशीवर खडी आणि वाळू उचलतो. इथे कापण्याचा धोका कमी, झीज भरपूर. ती झीज चालण्याने होते त्यापेक्षा जास्त चाक जागच्या जागी फिरण्याने होते. ऑपरेटर ढिगात बकेट घुसवतो, मशीन अडतं, तो पाय दाबत राहतो आणि पुढची चाकं खडीवर जागीच गरगर फिरतात. काळा धूर निघतो तेव्हा पैसे जळताना दिसतात. करायचं असं: पहिल्या गिअरमध्ये, बकेट जमिनीला सपाट ठेवून ढिगात शिरायचं आणि बकेट लगेच जराशी उचलायची. ढिगाचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि चाक जमीन धरतं. जो ऑपरेटर हे करतो त्याच्या मशीनचे पुढचे टायर उठून दिसतात. आम्ही टायरच्या तासांवर ऑपरेटरला भत्ता सुरू केला आहे. अण्णा आधी म्हणाले, "पगार देतो ना त्याला?" भत्त्याचा पहिला हिशोब बघितल्यावर गप्प झाले.

खाणीतला लोडर अगदी वेगळा. तिथे एल-५, काप सोसणाऱ्या मिश्रणाचा, आणि हळू चालायचं. सुरुंगाच्या तोंडाशीच काम असेल तर टायरला लोखंडी साखळ्यांचं चिलखतही घालतात. ते महाग पडतं, वजन वाढतं, साखळी सैल पडली की तीच टायर खाते. आम्हाला परवडलं नाही, पण कायम खाणीत असणाऱ्याने हिशोब करून बघावा. खाणीतले बहुतेक काप लोडरला त्याच्या स्वतःच्या बकेटमधून पडलेल्या दगडावर बसतात, हे मात्र साईट इंजिनिअरला पटवावं लागतं. बकेट काठोकाठ भरायची, मागे येताना दोन दगड सांडायचे आणि त्यावरूनच पुढे जायचं. ढीग आणि डंपर यांच्यामधली ती इंग्रजी व्हीच्या आकाराची वाट दर तासाला बकेटने खरवडून साफ केली तर टायरचं आयुष्य जेवढं वाढतं, तेवढं कुठल्याही महाग टायरने वाढत नाही. आमच्या दरपत्रकात आता ओळच आहे: कामाची जागा साफ ठेवणं आणि पाणी काढून देणं ग्राहकाकडे. ज्याला ते मान्य नाही त्याला दर वेगळा. "मॅडम, टायर तुमचा, जमीन आमची," असं एक साहेब म्हणाले होते. बरोबर आहे. म्हणूनच दर वेगळा.

राडारोड्याचं काम सगळ्यात वाईट. जुनी इमारत पाडली की तुटलेल्या काँक्रीटमधून सळया वर आलेल्या असतात. सळई नक्षी बघत नाही, मिश्रण बघत नाही, सरळ आत शिरते. इथे हवेचा टायरच नको. स्किड स्टिअरला आम्ही भरीव टायर लावतो. मशीन आदळतं, ऑपरेटरची कंबर कुरकुरते, आणि लांब पळवलं तर भरीव टायर आतून तापून फुटतो. पण स्किड स्टिअर यार्डातल्या यार्डात फिरतं, तिला गाडीवर घालूनच नेतात. दुसरा मार्ग म्हणजे हवेच्या टायरमध्ये पॉलियुरेथेनचा फेस भरून घट्ट करणं. पंक्चर संपतं, बसण्याचा त्रास भरीवपेक्षा कमी. पण वजन वाढतं आणि एकदा भरलं की परत काढता येत नाही. टायर संपला की आतला मालही गेला. मोठ्या लोडरसाठी हा हिशोब नीट जुळवून मगच करा.

खाडीकडच्या भरावावर, शिवडी, वडाळा किंवा पलीकडे उरणच्या पट्ट्यात, चिखल असतो. तिथे एल-२, मोकळी नक्षी, रुंद टायर. दगडाची बंद नक्षी चिखलाने भरली की गुळगुळीत होते. एवढंच.

बॅकहोचं गणित या सगळ्यात बसत नाही, कारण तो अर्धा ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागच्या टायरवर आर-४ दिसेल, म्हणजे बांधकामावरच्या ट्रॅक्टरची नक्षी. पुढची चाकं छोटी, मागची मोठी. खोदताना तो मागचे पाय टेकून उभा असतो, टायरला आराम. त्रास होतो पुढची बकेट मातीने भरून पळताना. सगळं वजन त्या दोन छोट्या टायरवर येतं आणि ऑपरेटरला घाई असते. पुढचे टायर वारंवार जात असतील तर कंपनी बदलण्याआधी ऑपरेटर भरली बकेट घेऊन किती वेगाने जातो ते बघा. शिवाय बॅकहो शहरात एका कामावरून दुसऱ्या कामावर स्वतःच्या चाकांवर जातो. भांडुपहून अंधेरीपर्यंत रस्त्याने नेला की टायर तापतात आणि नक्षीचे उंच ठोकळे डांबरावर घासले जातात. गेली दोन-तीन वर्षं गल्लोगल्ली रस्ते सिमेंटचे होताहेत, तिथे खोदलेल्या काँक्रीटची कड टायरच्या बाजूला लागते. कडेला चाक चढवायचं असेल तर सरळ चढवायचं, तिरकं घासत नाही. तिरक्या घासण्याने बाजू सोलते आणि बाजूला नक्षीचं चिलखत नसतं.

निगा म्हणजे हवा. बाकी सगळं त्यानंतर. हवा कमी असेल तर बाजू जास्त वाकते, आतून तापते, थर सुटतात. जास्त असेल तर टायर फुग्यासारखा ताठ होतो आणि दगडावर वाकण्याऐवजी कापला जातो. किती हवी ते मशीनच्या पुस्तकात आणि टायर कंपनीच्या तक्त्यात असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो. मोजायची सकाळी, मशीन चालू करण्याआधी, टायर थंड असताना. दुपारी गरम टायर मोजून "दहा पौंड जास्त आहे" म्हणून हवा सोडणारे दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर काम सुरू करतात. लाथ मारून किंवा हातोडा वाजवून हवा कळते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मापक हातात देते.

आणि व्हॉल्व्हचं टोपण. आमच्याकडे स्टोअरमध्ये त्यांचा डबा भरून ठेवलेला असतो आणि ज्या मशीनला टोपण नाही त्याच्या ऑपरेटरला मी फोन करते. लोक हसतात. टोपण नसलं की व्हॉल्व्हच्या पिनेत खाडीचा चिखल जातो, पीन नीट बसत नाही, रोज दोन पौंड हवा जाते, आठवड्याने टायर तापायला लागतो. काही लाखांच्या सेटचा जीव काही रुपयांच्या टोपणात अडकलेला असतो, यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

मुंबईची आणखी एक खास अडचण रिमची. खारी हवा, खारा चिखल. रिमवर टायर जिथे बसतो तिथे गंज धरतो, पापुद्रे सुटतात आणि ट्यूबलेस टायरमधून हवा झिरपते. टायर उतरवला की रिम घासून, रंगवून मगच पुन्हा चढवायची, आणि मोठ्या रिमचा रबरी ओ-रिंग, म्हणजे तुकड्यांमधून हवा जाऊ न देणारं कडं, दर वेळी नवा. जुना "चालेल" म्हणून घालू नका. टायर चढवताना लावायचं ते साबणाचं पाणी किंवा टायरसाठीची खास पेस्ट. आमचे फिटर चाचा कुर्ल्याचे, या कामातले फार जुने. त्यांचा डिझेलच्या ब्रशवर जीव.

"चाचा, डिझेल नको. रबर फुगतं."

"बेटा, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून लावतोय."

"तेव्हापासूनचे टायर कुठे आहेत मग?"

आता ते साबण लावतात, पण माझ्याकडे बघत लावतात.

चाचांचं एक मात्र मी शब्दशः पाळते. मोठ्या रिमच्या समोर उभं राहायचं नाही. या रिम एका तुकड्याच्या नसतात. तीन किंवा पाच तुकडे, आणि बाहेरून एक लॉक रिंग सगळ्यांना धरून. २३.५-२५ च्या टायरमध्ये ५० पौंड हवा, म्हणजे दर चौरस इंचाला ५० पौंड, असेल तर त्याच्या एका बाजूवर आतून पडणारा एकूण जोर ५० टनांच्या वर जातो. क्षेत्रफळ काढून गुणाकार करून बघा, मी केला होता, दोनदा. लॉक रिंग नीट बसलेली नसेल, गंजलेली असेल किंवा दुसऱ्या कंपनीच्या रिमची असेल तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पीन काढून हवा पूर्ण सोडायची. जोडचाक असेल तर दोन्ही टायरची. हवा भरताना चाक पिंजऱ्यात, पाइप लांब, तोंड चिमट्याने व्हॉल्व्हला अडकवलेलं, आणि माणूस बाजूला. घणाने रिंग ठोकत हवा भरणारा फिटर कितीही स्वस्त असला तरी आमच्या आवारात येत नाही.

टायर चढवलेला असताना रिमला वेल्डिंग करायचं नाही. हवा सोडलेली असली तरी नाही. उष्णतेने आतलं रबर जळून वायू सुटतो, तो आतल्या हवेत मिसळतो आणि स्फोट होतो. "फक्त एक टाका मारायचाय" म्हणणाऱ्या वेल्डरला आधी टायर काढायला लावा, मग टाका.

लोडरची चारही चाकं ओढणारी असतात, म्हणून एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर घालू नका. व्यास वेगळे पडले की गिअर आणि एक्सलवर ताण येतो आणि टायर एकमेकांना घासवतात. नवे घ्यायचे तर एका एक्सलची जोडी. पुढचे जास्त झिजतात, त्यामुळे वेळीच पुढचे मागे, मागचे पुढे. छोटा काप दिसला तर लगेच त्यातले खडे टोचणीने काढा आणि कडा तिरप्या कापून गोल करा, म्हणजे काप पुढे पळत नाही. नायलॉन दिसायला लागलं असेल तर गरम पॅच. नायलॉन ओलं झालं की पाणी धाग्याधाग्याने आत शिरतं, मग तो टायर पावसाळ्यानंतर परत येत नाही.

सुटे टायर उभे ठेवा, सावलीत, आणि वेल्डिंग मशीन किंवा मोटर चालते त्या खोलीत नाही. तिथे ओझोन तयार होतो आणि नवा टायर न वापरताच तडकतो.

आता दर. समजा एक टायर ६० हजारांचा, १,५०० तास चालतो. तासाला ४० रुपये. दुसरा ९० हजारांचा, ३,००० तास चालतो. तासाला ३०. स्वस्त कुठला ते सांगायला नको. पण हे कळायला तास लिहिलेले पाहिजेत. टायरचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, मशीनचे तास, कुठल्या चाकावर, आणि शेवटी कशाने गेला: एवढी वही ठेवा. माझ्या वहीत आता तीच कंपनी आरएमसी प्लांटवर पहिली आणि खाणीत शेवटची आहे. म्हणून फोनवर कंपनीचं नाव सांगत नाही. लोअर परळला मुख्य ऑफिस असलेली बीकेटी, आपली सिएट, शिवाय अपोलो, जेके, एमआरएफ, बाहेरच्याही आहेत. प्रत्येकाकडे एखादा टायर तुमच्या साईटसाठी बरा असेल आणि एखादा मुळीच नसेल. घेताना बाजूवर छापलेले तारखेचे चार आकडे बघा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जास्त सूट मिळत असेल तर हे आकडे आधी वाचा. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुने दरपत्रक दाखवणाऱ्याला तेवढी आठवण करून द्या.

गेलेले टायर आवारात साठवू नका. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि डास होतात, वॉर्डातून माणूस येतो. काही टायर बंदरात बोटी धक्क्याला लागू नयेत म्हणून टांगायला जातात, बाकीचे नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याला द्यावेत. टायर बनवणाऱ्यांवर त्याची जबाबदारी टाकणारे नियम जुलै २०२२ मध्ये आले आहेत, त्यामुळे असे लोक आता शोधले तर सापडतात. देताना मी कटरने दोन्ही बाजू कापून देते. भंगारवाला कुरकुरतो, दर पाडतो, मी देते. न कापलेल्या टायरला कुणीतरी गरम पात्याने नव्या खाचा पाडतं, काळा रंग मारतं, आणि तो "थोडा वापरलेला" म्हणून पुन्हा बाजारात येतो. मे महिन्यात मला फोन करणाऱ्यांपैकीच कुणाला तरी तो विकला जातो.